कुंपणामागची जागा

रविवारी शहापुरातलं आमचं साड्यांचं दुकान बंद असतं, म्हणून पाच वर्षांच्या प्रणितीला विमान दाखवायला नेतो. पहिल्या ठिकाणी पोलिसानं हाकललं. दुसरीकडं उसामुळं नुसतं शेपूट दिसलं. आज सांबऱ्याला विमानतळाच्या कुंपणामागं जागा सापडली, धावपट्टी अगदी समोर. आणि पायाखाली कोंबड्यांची पिसं, आतडी, वळवळणाऱ्या अळ्या. पोरीला कडेवर घेऊन मी नाकाला रुमाल लावला.

"लई घाण माणसं," मी म्हटलं. "आपल्या घरात कांदासुद्धा येत न्हाय, आणि ह्यांचं हे असलं बघायचं. लाज कशी वाटत न्हाय ह्यांना?"

तेवढ्यात विमान उतरायला लागलं. मी बोट दाखवलं, पण प्रणितीचं लक्ष कुंपणाकडं होतं. तिला नुकतंच वाचता यायला लागलंय. तारेला अडकलेल्या, पिसं चिकटलेल्या पिशवीवरची अक्षरं ती एकेक करून लावत होती.

"आप्पा, ही आपल्या दुकानाची पिशवी," ती खुशीत म्हणाली.

ते जाड प्लास्टिक मीच निवडलं होतं, वर्षानुवर्षं टिकावं म्हणून.