चांदण्याच्या रात्रीचे दिवे

अंबाजी येवल्यांनी झुंबरबाईचा अर्ज गठ्ठ्यातून उचलला आणि एका कागदाखाली सरकवला. आता आधी उपाध्यक्षांची निवड होणार होती, मग अर्ज.

"नियमाला धरून आहे ना?" त्यांनी कारकुनाला विचारलं.

"क्रम बदलता येतो. कुणी हरकत घेतली नाही म्हणजे झालं."

हरकत घेणार कोण? अर्ज नीट वाचला होता तो एकट्या अंबाजींनी.

सन चौतीसचा श्रावण होता. लोणावळ्याच्या नगरपालिकेत त्यांना अकरा वर्षं झाली होती. नाव झालं ते एका ठरावाने: शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत रस्त्यावरचे दिवे लावायचे नाहीत, चांदणं असतंच. वाचलेल्या घासलेटावर गावठाणात सात नवे खांब उभे राहिले, आणि गावठाणाने त्यांना तीनदा निवडून दिलं. बंगल्यांचा रस्ता तेवढा ठरावातून वगळावा लागला. त्याशिवाय तो पास होत नव्हता. दुसरी अडचण त्यांना उशिरा कळली. ठराव वैशाखात बसून केला होता. पावसाळ्यात इथे चंद्र पंचांगात उगवतो. रस्त्यावर धुकंच असतं.

गेल्या शुद्ध एकादशीला बाळंतपण उरकून अंधारात येताना झुंबरबाई सुईण गटारात पडली. मनगट मोडलं. अंबाजींच्या दोन्ही मुलांच्या वेळी तीच आली होती, म्हणून ते भेटायला गेले.

"मावशी, तुज्या दाराम्होरं येक खांब देतो."

"माज्या दारात काय करू त्याला? मी घरी असते कवा?" ती म्हणाली. "जिथं कळा येत्यात तितं जायाची वाट दिसू दे. आन् त्या बंगल्यांम्होरं कुणासाठी जळत्यात रं दिवे? पावसात तितं कुत्रं बी न्हाई."

ते खरं होतं, आणि तेच तिने अर्जात लिहवून घेतलं होतं. मुंबईचे मालक जूनमध्ये कुलपं लावून जात, ते दसऱ्याला उगवत. त्यांचे दिवे चार महिने विझवले, तर गावठाणात रोज लावता येत होते. अंबाजींनी कागदावर तीनदा आकडे मांडून पाहिलं होतं. पण सभेत बंगलेवाल्यांची तीन मतं होती, आणि उपाध्यक्षपदासाठी त्यांना तीच हवी होती. म्हणून आधी निवड. एकदा खुर्चीत बसल्यावर अडवणार कोण?

अध्यक्ष आजारी होते. अकरांपैकी आठ सभासद आले होते. त्यांतले तिघे बंगलेवाले सकाळच्या गाडीने मुद्दाम मुंबईहून. अंबाजींसाठी पाच हात वर झाले, त्यांच्याविरुद्ध उभ्या कोंडाजींसाठी तीन. टाळ्या झाल्या. अंबाजी अध्यक्षांच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी पुढचा कागद वाचायला सांगितलं.

बंगलेवाल्यांचे पुढारी पेस्तनजीशेठ यांनी अर्ज आणि त्याखालची अंबाजींची सूचना शेवटपर्यंत ऐकली. मग घड्याळ पाहिलं.

"येवले, सकाळी हे बोलला नाहीत."

"विषयपत्रिकेवर होतं, शेठ."

"होतं खरं. अभिनंदन." त्यांनी टोपी उचलली. "आमची गाडी आहे."

त्यांच्यामागून बाकीचे दोघे उठले. बाहेर छत्र्या उघडल्याचे आवाज आले.

कोंडाजी हरले होते, तरी खुशीत दिसत होते. "घ्या की मतं, अंबाजीराव. अर्जाला आमी तिघं राजी हाओत."

कारकुनाने डोकी मोजली. मग पुन्हा मोजली.

"पाच. गणसंख्येला सहा लागतात, साहेब."

"अर्ज आधी घेतला असता," कोंडाजी म्हणाले, "तर निवडीसाठी तरी बसलं असतं की बंगलेवालं. पाच-तीननं पास हुता."



"सभा तहकूब झाल्याचं अध्यक्षस्थानावरून सांगावं लागतं," कारकून हळूच म्हणाला.

अंबाजींनी सांगितलं. कारकुनाने लिहून घेतलं आणि सहीसाठी वही पुढे केली. नव्या हुद्द्याची ती पहिली सही.

व्हरांड्यात झुंबरबाई हात गळ्यात बांधून बसली होती. त्यांना पाहून भिंतीला टेकत उठली.

"काय झालं रं?"

"उपाध्यक्ष झालो, मावशी."

"चांगलं झालं की," ती म्हणाली, आणि पुढचं ऐकायला थांबली.