साठ पोरं, एक घड्याळ

बन्सीधर सरांना त्या साठ फोटोंतून काय मिळायचं होतं, ते आधी सांगतो. पाच पक्क्या खोल्या. दहावीपर्यंतची मान्यता. 'मास्तर' जाऊन 'मुख्याध्यापक'. आणि देवाच्या मनात असेलच तर हॉलंडची एक फेरी. देवाच्या मनात काय आहे ते सर स्वतःच पत्रातून हॉलंडला कळवत, म्हणून तीही मिळकतीत धरायला हरकत नव्हती.

शाळा झरीच्या रस्त्यावर, पत्र्याच्या चार खोल्यांची. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून दलित वस्त्या जळाल्या, तेव्हा तिथली पोरं सरांनी चर्चच्या ओसरीवर आणून झोपवली, जेवू घातली, आणि तिथंच पाटी लावली. एवढं त्यांच्या जमेला आहे. मी शाळेचा कारकून. मी ते कधी वजा केलं नाही.

ब्याऐंशीत हॉलंडमधल्या एका चर्चनं हात पुढं केला. तिकडचं एक कुटुंब, इकडचं एक लेकरू. बोर्डिंगचे महिन्याला चाळीस रुपये त्या कुटुंबानं द्यायचे, आणि यादीत साठ पोरांपुढं साठ दाते लागले की इमारतीचा पैसा चर्च देणार. फक्त फोटो पाठवा, म्हणजे कुटुंबांना लेकरू निवडता येईल.

आमच्याकडं फोटो म्हणजे काय, हे हॉलंडला ठाऊक नव्हतं. इथं माणूस जन्मात एकदा फोटोला बसतो, आणि पावडर लावल्याशिवाय बसत नाही. आयांनी पोरांना तेल चोपडलं, शेजारणींचे पैंजण मागून आणले. परभणीचा फोटोग्राफर नागनाथ आला. त्याच्या पेटीत गिऱ्हाइकांसाठी ठेवलेलं एक बंद पडलेलं मनगटी घड्याळ असे. फोटोत ते दिसलंच पाहिजे, हा त्याचा दंडक. साठही मनगटांवर ते फिरलं. सरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांच्या लग्नाच्या फोटोतही असंच कुणाचं तरी घड्याळ आहे.

दोन महिन्यांनी उत्तर आलं, फार सभ्य. सगळ्या मुलांकडं घड्याळ आहे हे पाहून आनंद झाला. आमच्या पुष्कळ मुलांकडं नाही. रोजच्या कपड्यांतले फोटो पाठवाल का?

रोजचे कपडेही हॉलंडला पुरेसे गरीब दिसतील, याचा सरांना भरवसा नव्हता. त्यांनी निरोप धाडला: तेल नको, चपला नकोत, घरात असेल ते फाटकं घालून या.

एकोणसाठ पोरं तशी आली. काहींना शोधाशोध करावी लागली नाही. साठावी सत्यशीला. निळा परकर, दोन रिबिनी, पायात चपला. पाचवीत पहिला नंबर. तिची आई सरजाबाई खुरपणीला जाणारी. जळितात घर गेलेली.

“जयभीम, सर.”

“सलाम, बाई. निरोप मिळाला नाही का?”

“मिळाला की.”

“मग हे काय? लग्नाला निघालीय का पोरगी?”

“साळंत आलीया. काढा फोटू.”

रांगेतून कस्तुराबाई म्हणाली, “अगं सरजे, घडीभराचं काम हाय. फाटकं घाल, फोटू काढ, मग फेकून दे. म्हैन्याला चाळीस रुपयं द्यायलेत लोक!”

“तुझ्या पोराचा तू काढ की. मी आडवायलेय का?”

सरांनी नागनाथला हातानं थांबवलं. “बाई, यादीतून नाव जाईल. नाव गेलं की बोर्डिंग गेलं. पोरगी हुशार आहे, तिचं वाटोळं करू नका.”

“हिचा फोटू एकदा निघालाय, सर. घर जळालं त्याच्या दुसऱ्या दिशी पेपरवाले आल्ते. ही सहा वर्साची, राखंत उघडी हुबी. तसंच छापलं. मला कुणी इचारलं न्हाई. तवा अंगावर घालायला चिंधी नव्हती, म्हणून गप बसले. आता परकर हाय. हाय ते लपवून न्हाई ते कशाला दाखवू?”

सर जवळ आले, आवाज खाली आणला. “माझाही गेला होता असा फोटो. अमेरिकेला. सदऱ्याला एक बाही नव्हती. त्याच फोटोवर मी बी.ए. झालो, बाई. लाज कसली?”

“तुमच्यापाशी हाय का तो फोटू?”

“पाठवलेला फोटो कुणी परत देतं का?”

“मंजी तुमचं ल्हानपण आजून त्यांच्याच भिताडाला टांगलंय.”

सरांनी चष्मा काढून पुसला. माझ्याकडं बघितलं. मी रजिस्टरात बघितलं. कुणाची बाजू घ्यायची वेळ आली की मला तिथंच काम निघतं.

“काढ रे,” सर शेवटी नागनाथला म्हणाले. “आहे तसा काढ. पण तिकडं हिला कुणी निवडलं नाही, तर मला बोल लावायचा नाही.”

“न्हाई निवडलं तर मी हाय.”

कुणी निवडलं नाही. एकोणसाठांना कुटुंबं मिळाली. सत्यशीलापुढचा दात्याचा रकाना कोरा, आणि एकोणसाठावर इमारत अडलेली.

एक तारखेला सरजाबाई ऑफिसात आली. पदराची गाठ सोडून चाळीस रुपये टेबलावर ठेवले. तेव्हा बाईमाणसाची मजुरी चार रुपये रोज.

“पावती द्या. आन तिच्या नावापुढं माझं नाव घाला.”

“तो दात्यांचा रकाना आहे, बाई,” सर म्हणाले. “तिकडच्या लोकांचा.”

“मंग मी काय घ्यायला आले का? द्यायलेच की.”

सरांना हसू आलं की घाम, ते मला सांगता येणार नाही. यादीची टंकलेली प्रत त्यांनी माझ्यापुढं सरकवली. मी साठाव्या ओळीत लिहिलं: सरजाबाई, मुक्काम झरी. सरांनी सही करून यादी धाडली. हॉलंडनं साठ नावं मोजली आणि इमारतीला होकार दिला.

चौऱ्याऐंशीत पाच खोल्या उभ्या राहिल्या. अठ्ठ्याऐंशीत सत्यशीला त्यातल्याच एका खोलीतून मॅट्रिक झाली. सर मुख्याध्यापक झाले. हॉलंडचं तेवढं देवानं मनावर घेतलं नाही.

आता हिशेब. विटा, सिमेंट, सळया हॉलंडच्या चर्चनं दिल्या. त्यांचं नाव दाराशी दगडावर आहे. एकोणसाठ पोरांचं बोर्डिंग एकोणसाठ कुटुंबांनी दिलं, आणि त्यापोटी पोरांनी एकेक फाटका फोटो दिला, दर नाताळाला आभाराचं पत्र दिलं. सत्यशीलाचं बोर्डिंग सहा वर्षं सरजाबाईनं दिलं. मजुरी वाढली तसं बोर्डिंगही वाढलं, म्हणून महिन्याचे मजुरीचे दहा दिवस ते दहाच राहिले. एकूण सातशे वीस दिवस, दुसऱ्याच्या रानात, वाकून. तिच्या नावावर देणं काही बाकी नाही. आभाराचं पत्रही नाही.