चिठ्ठी काढलेलं स्टूल

आमच्या घरात एक नियम आहे, आणि तो मी नाही, हिने केलाय. मोडलेल्या वस्तूला चिठ्ठी बांधायची. काय मोडलंय, कधी मोडलंय ते दोन ओळींत लिहायचं, दोरा ओवायचा आणि वस्तू गॅरेजमधल्या लांब फळीवर नेऊन ठेवायची. चिठ्ठी आहे तोवर तिला कुणी हात लावायचा नाही. दुरुस्ती झाली की चिठ्ठी मी काढायची, दुसऱ्या कुणी नाही. चिठ्ठी निघाली म्हणजे वस्तू खुशाल वापरा. हिच्या कामात असले नियम लागतातच. ही गाडी चालवायला शिकवते. रोज आठ तास नवशिक्याच्या शेजारी बसायचं, तर कशावर भरवसा ठेवायचा आणि कशावर नाही, हे आधी ठरलेलं बरं असतं.

मी कारखान्यात लेथवर होतो. रिटायर झालो आणि दुसऱ्याच दिवशी गॅरेज ताब्यात घेतलं. तेव्हापासून हिची शिकवायची गाडी बिचारी बाहेर ऊन खात उभी असते. ही म्हणते, "लोकांच्या गॅरेजात गाडी असते, आमच्या गॅरेजात नवरा असतो."

त्या दिवशी चार वाजता ही हॉस्पिटलमधून घरी येणार होती. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन होऊन अकरा दिवस झाले होते. आणि मी सकाळी सहापासून गॅरेज ते बेडरूम, बेडरूम ते गॅरेज अशा येरझाऱ्या घालत होतो. पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत भिंतीला धरायचा लाकडी दांडा बसवायचा होता. खरं सांगायचं तर तो परवाच बसवून झाला होता. काल मी तो काढला, भोकं आणखी खोल पाडली, मोठे प्लग ठोकले, लांब स्क्रू पिळले. सकाळी उठलो, हलवून पाहिला. हूं की चूं नाही. तरी परत काढला. म्हटलं, पॉलिश पेपर अजून एकदा मारू, हाताला कुसळ नको लागायला. कुसळ कुठलं डोंबलाचं! आरशासारखा झाला होता तो. मला फक्त हात रिकामे ठेवायचे नव्हते.

हात रिकामे राहिले की डोकं चालतं, आणि डोकं चाललं की स्टूल आठवतं.

म्हणजे सांगायलाच हवं. स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल, चार पायांचं. मागचा डावा पाय डुगडुगत होता. हिने चिठ्ठी लिहिली, "मागचा डावा पाय. पडायच्या आत करा." ते 'पडायच्या आत' मला झोंबलं. फळीवर त्या आठवड्यात नऊ वस्तू होत्या, त्यातल्या पाच शेजारपाजारच्या. माझं हे नेहमीचंच, लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या आणि घरचं तसंच ठेवायचं. एका सकाळी ही गाडीची किल्ली घेताना म्हणाली, "फळी आता मोडेल, मग तिलाच चिठ्ठी बांधू." मी चिडलो. म्हटलं, "संध्याकाळपर्यंत फळी रिकामी दिसेल, बघ!"

दुपारपर्यंत आठ वस्तू झाल्या. राहिलं स्टूल. पाय उपटला, भोक साफ केलं, चिकटवायचा गम भरला, पाय परत ठोकला. आता त्याला आवळून धरायला क्लॅम्प लावून एक दिवस हलवायचं नसतं, हे काय मला कळत नाही? चाळीस वर्षं कारखान्यात घालवलेला माणूस मी! पण दोन्ही क्लॅम्प शेजारच्या शिंप्याच्या ड्रॉवरला लावलेले होते. आणि गाडीचा हॉर्न वाजला, ही लवकर आली होती. मी काय केलं असेल? स्टूल उचललं, दाराशी ठेवलं आणि चिठ्ठी तोडून खिशात घातली. फळी रिकामी! ही आली, फळीकडे बघून खरंच खूश झाली. "वा, पठ्ठ्या!" म्हणाली. मीही छाती फुगवून उभा राहिलो. म्हटलं, रात्री गुपचूप क्लॅम्प लावू.

ही जाता जाता स्टूल उचलून घरात घेऊन गेली. चिठ्ठी नव्हती ना त्याला.

मी ड्रॉवरचे क्लॅम्प सोडवत होतो तेवढ्यात आवाज झाला. धावत स्वयंपाकघरात गेलो तर ही जमिनीवर, स्टुलावर चढून काढायला गेलेला वरचा डबा फुटलेला, आणि तो पाय टेबलाखाली गडगडत गेलेला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणाली, "काय झालं मला? सगळं फिरलंच एकदम." मी अँब्युलन्सला फोन केला, तिच्या डोक्याखाली उशी दिली, आणि देवा शपथ सांगतो, तिसरी गोष्ट मी काय केली असेल, तर तो पाय उचलून स्टुलात खोचला आणि स्टूल गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं. बायको जमिनीवर विव्हळतेय आणि हा माणूस स्टूल लपवतोय. का केलं? लाज वाटली म्हणून. दुसरं काही कारण नाही.

दुसऱ्या दिवशी झोप नाही, चैन नाही, हॉस्पिटलमध्ये बसू देत नव्हते. घरी आलो आणि हात आपोआप स्टुलाकडे गेले. पाय काढला, नीट गम भरला, पाचर मारली, दोन्ही क्लॅम्प आवळले. असं पक्कं केलं की हत्ती बसला तरी हलणार नाही. आणि इथेच मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. माझ्या नव्हे, तिच्या.

कारण दोन दिवसांनी डॉक्टरांनी लेकीला विचारलं, "स्टूल डगमगत होतं का?" लेक आमची एकुलती एक, बँकेत नोकरी, सगळं स्वतः तपासून बघणारी. आईवरच गेलीय. ती तडक घरी आली, गॅरेजमध्ये शिरली आणि दोन्ही हातांनी स्टूल गदागदा हलवलं. त्यावर उभीसुद्धा राहिली. मी समोर उभा होतो, पाना हातात घेऊन. ती म्हणाली, "स्टूल तर दगडासारखं आहे, बाबा. म्हणजे आईला चक्करच आली." मी मूग गिळून बसलो. तेव्हाच बोललो असतो तर! पण तिचे डोळे रडून सुजलेले होते, आणि मी म्हटलं, उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. घोंगडं भिजतच राहिलं.

मग चक्करीच्या तपासण्या. कान तपासले, मान तपासली, डोक्याचा फोटो काढला. काहीच सापडेना. काही सापडलं असतं तर बरं, गोळी देता येते. काही सापडत नाही म्हटल्यावर माणूस जास्त घाबरतं. ही कुणाला न घाबरणारी बाई, घाटात नवशिक्याने चुकून ॲक्सिलरेटर दाबला तरी शांतपणे "ब्रेक" म्हणणारी. ती आता पलंगावर उठून बसताना दोन्ही हातांनी गादी धरायची. मी रोज भेटायला जायचो, रोज तोंड उघडायचो आणि रोज विचारायचो, "जेवलीस का?"

तर त्या दिवशी, ही घरी येणार त्या सकाळी, दहा वाजता शिंपी त्याचा ड्रॉवर न्यायला आला. ड्रॉवर उघडून बंद करून पाहिला, खूश झाला. म्हणाला, "वहिनींना चक्कर आली म्हणे? वय झालं की व्हायचंच. माझ्या मेव्हणीलाही अशीच..."

"तिला काही चक्करबिक्कर आली नाही!" मी ओरडलो.

शिंपी दचकला. "मग?"

"मग काही नाही. ड्रॉवर घे आणि नीघ."

तो बिचारा ड्रॉवर छातीशी धरून गेला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! मी तिसऱ्यांदा बसवलेला दांडा काढला आणि चौथ्यांदा बसवायला घेतला.

पावणेपाचला आल्या दोघी. पाऊण तास उशीर झाला होता आणि तेवढ्यात मी बेडरूमचं दार काढून त्याची बिजागरी घासून परत लावली. ही वॉकर पुढे सरकवत, एकेक पाऊल टाकत आली. बारीक झाली होती. दारात थांबली, दाराकडे पाहून म्हणाली, "हे करकरत नाही आता." मी म्हटलं, "नाही." पलंगावर बसवली. लेकीने पाणी दिलं, औषधं मांडली, आणि पर्समधून फोन काढला.

"बाबा, आईने ड्रायव्हिंग स्कूलला पत्र लिहायला सांगितलंय. मी टाइप केलंय. ऐका, आणि मग पाठवते. त्यांना सोमवारपर्यंत दुसरी बाई नेमायची आहे."

"कसलं पत्र?"

"काम सोडत असल्याचं," ही म्हणाली. भिंतीकडे बघत म्हणाली. "जिला चक्कर येते तिने दुसऱ्याच्या लेकराला शेजारी बसवून रस्त्यावर न्यायचं नसतं. हाड काय, तीन महिन्यांत सांधेल. डोक्याचं कोण सांगणार?"

लेक वाचू लागली. मोजून सहा ओळी होत्या. "तीस वर्षांत माझ्या गाडीला अपघात झाला नाही, तो होण्याआधी थांबणं मला योग्य वाटतं," अशी एक ओळ होती. लेकीने विचारलं, "पाठवू ना, आई?"

"पाठव."

"थांब," मी म्हटलं.

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात अजून स्क्रूड्रायव्हर होता. तो कुठे ठेवावा कळेना.

"चक्कर आली नव्हती. स्टुलाचा पाय निसटला. गम ओला होता. मी चिठ्ठी आधीच काढली. फळी रिकामी दिसावी म्हणून काढली."

लेक म्हणाली, "पण बाबा, मी स्वतः स्टूल..."

"ते मी नंतर पक्कं केलं. तू बघायच्या आधी."

मला वाटलं आता लेक ओरडेल, आणि ओरडली असती तर मला बरंच वाटलं असतं. पण हिने हात वर करून तिला गप्प केलं. शिकणाऱ्याला करते तसा, तळवा पुढे.

"आधी ते हललं?" हिने मला विचारलं. "आणि मग मी?"

"हो."

"नीट आठवून सांगा. उलटं नाही?"

"उलटं नाही. पाय टेबलाखाली गेला होता. मी स्वतः उचलला."

"कुठला पाय?"

"मागचा डावा."

तिने डोळे मिटले. मग तिने हळूच मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, वर केली, खाली केली. गादी न धरता. डोळे उघडले तेव्हा भरलेले होते.

"अकरा दिवस," ती म्हणाली. "अकरा दिवस मी उशीवर मान वळवायला घाबरतेय. मशीनमध्ये घातलं मला, डोक्यात काय सापडतंय म्हणून मी देवाचं नाव घेत होते. आणि तुम्ही रोज येऊन विचारत होता, जेवलीस का!"

"चुकलं माझं."

"चुकलं काय चुकलं! माणूस आहात की कोण?" तिचा आवाज चढला, मग फुटला, आणि मग मला कळेना ती रडतेय की हसतेय. लेकीकडे वळून म्हणाली, "पुसून टाक ते पत्र. मला काही झालेलं नाही. ऐकलंस? माझं डोकं ठणठणीत आहे."

लेकीने पत्र पुसलं. नाक ओढत पुसलं आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

मी तिथेच उभा होतो. वाटलं, झालं, संपलं, ओझं उतरलं. कसलं उतरतंय! हिने वॉकर ओढला, उठली. मला वाटलं बाथरूमला जायचं असेल, म्हणून मी पुढे होऊन म्हटलं, "दांडा धर. तुझ्यासाठीच केलाय."

ती दांड्याजवळ गेली. पण हात लावला नाही. त्या टोकापासून या टोकापर्यंत पाहिला, स्क्रूंच्या डोक्यांकडे पाहिलं, वाकता येत नव्हतं तरी मान कलती करून खालूनही पाहिला.

"कधी बसवला?"

"परवा. मग काल. मग आज दोनदा."

"लोंबकळा त्याला."

"अं?"

"लोंबकळा म्हणते. दोन्ही पाय उचलून. वीस मोजेपर्यंत."

"अगं, मी अठ्ठ्याहत्तर किलोचा..."

"म्हणूनच."

मी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला. दांडा कमरेच्या उंचीवर, त्यामुळे पाय उचलायचे म्हणजे गुडघे पार छातीशी घ्यायचे. घेतले. बासष्टाव्या वर्षी, लेकीसमोर. गुडघे कटकट वाजले, पोट मधे आलं, खिशातला स्क्रूड्रायव्हर मांडीत टोचला. दांडा तसूभर हलला नाही. हिने वॉकरवर दोन्ही हात टेकले आणि मोजायला लागली. घाई नव्हती तिला. एक म्हणून श्वास घ्यायची, मग दोन म्हणायची. बाराला माझे दंड थरथरायला लागले. सोळाला घाम डोळ्यांत उतरला. अठरा. एकोणीस. वीस.

"झालं, आई," लेक म्हणाली. "बस झालं. उतरा, बाबा."

"एकवीस," ही म्हणाली.

मी पाय खाली टेकवले नाहीत.