खंडेनवमीला न थांबलेली डिस्क

घरच्या सर्व्हरमधली जागा संपली, म्हणून सलोनीने खंडेनवमीच्या सकाळी नवी, चौपट मोठी डिस्क जोडली. जुनीवरचं सगळं तिच्यावर उतरू लागलं. तेवढ्यात बाबा, उद्धवराव, पूजेसाठी हळदकुंकवाचं तबक घेऊन आले आणि सर्व्हर बंद करायला त्यांचा हात बटणाकडे गेला.

“बाबा, थांबा! जुनी डिस्क थकलीय. बंद केली तर पुन्हा फिरेलच असं नाही. पिंकीताईच्या लग्नाचे व्हिडिओ तिच्यावरच आहेत.”

“अगं, आज चाकणच्या कारखान्यात आमची पत्रे दाबायची प्रेससुद्धा बंद असते. चालत्या यंत्राची पूजा करतात होय?”

तरी ते तबक मांडीवर घेऊन बसून राहिले. दुपारी शेवटचा व्हिडिओ उतरल्यावर सलोनीने जुनी डिस्क बंद करून त्यांच्या तळहातावर ठेवली.

“दमली बिचारी,” म्हणत त्यांनी तिला कुंकू लावलं. “आता जागा झाली ना? मग काढ पूजेचा व्हिडिओ!”