रिकामा डबा

तेरवी आटोपल्यावर पौर्णिमा वडिलांचा जेवणाचा डबा आणायला अकोल्याच्या एमआयडीसीत गेली. तिचे वडील किसनराव दालमिलमधलं तुरीचं टरफल ट्रॉलीनं शेजारच्या तेलमिलच्या बॉयलरला पाठवत आणि येताना तिथली राख भरून पलीकडच्या विटांच्या कारखान्याला देत. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हा घरातला नियम त्यांनी कारखान्यांनाही लावला होता.

डबा बॉयलरवरच्या मनोजकडे राहिला होता.

"काकाचं टरफल कधी ओलं नाही आलं, ताई. मुठीत दाबून पायत होते. मागच्या हप्त्यात ओलं आलं अन् भट्टी कोंडली. मालकानं कोळसा बोलावला. आता ट्रॉली बंद."

"कावून ओलं आलं?"

"उघड्यावर पडलं होतं. पायणारं कोण हाये आता?"

ट्रॉलीची ती ये-जा, बाबांच्या मागे चालू राहिलेली तेवढी एकच गोष्ट होती. तिनं डबा उघडला. तो लख्ख होता.

"तीनदा धुतला, ताई," मनोज ओशाळून म्हणाला.

"यात थोडं टरफल टाका."

"ओलं हाये ते."

"असू द्या."

तिनं मूठभर घेऊन बाबांसारखं दाबलं. मूठ उघडली, तरी गोळा सुटला नाही. तिनं तो तसाच डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.