तिसरी भेट

देशाचं वाटोळं कशानं झालं, हे बाईंना तोंडपाठ होतं. माणसं देवाला घाबरेनाशी झाली, म्हणून. सकाळी वर्तमानपत्र उघडलं की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्यांना हेच दिसायचं. पूल पडला, कारण देवाचं भय नाही. सरकारी औषधं पळवली, तिथेही तेच. "ज्याला वरच्याचा धाक, त्याला पोलीस हवाच कशाला?" असं त्या चहाचा कप आदळत विचारायच्या, आणि टपालखात्यातून निवृत्त झालेले त्यांचे यजमान "बरोबर आहे" म्हणून शब्दकोड्यात डोकं घालायचे. तीस वर्षांच्या संसारात वाद कुठे घालायचा नाही एवढं ते शिकले होते.

बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या. संध्याकाळी सहाला घरी दिवा लावून प्रार्थना, ती बावीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. घरच्यांसाठी मागून झालं की त्या राज्यकर्त्यांसाठीही मागायच्या, एकेकाचं नाव घेऊन. नावडत्यांसाठी जरा जास्तच, कारण त्यांना गरज जास्त.

खास राग होता तो मतदारयादीवर. मेलेले मत देतात, घर सोडून गेलेले मत देतात; आधी यादी धुऊन काढा, मग राज्य आपोआप स्वच्छ होईल, हे त्या शिक्षकांच्या खोलीत येईल त्याला ऐकवायच्या. तशात नगरपालिकेनं प्रभागाचा कौल घ्यायचं ठरवलं. कोपऱ्यावरचा जुना दवाखाना ठेवायचा, की पाडून तिथे गाड्या लावायला जागा करायची? कौलाआधी यादी तपासायचं काम शाळेवर आलं, आणि मुख्याध्यापकांनी हसत हसत चार गल्ल्या बाईंच्या गळ्यात मारल्या.

नियम सोपा होता. दार उघडलं नाही तर वेगवेगळ्या दिवशी तीनदा जायचं. निघताना पुढच्या भेटीची तारीख लिहून दाराखालून चिठ्ठी सरकवायची. तिसऱ्यांदाही कोणी भेटलं नाही, तर नावापुढे 'राहत नाही' असं लिहून सही करायची.

चौथ्या गल्लीच्या टोकाला, जिन्याखालच्या खोलीत, काजवाल्या आजी राहायच्या. शिंप्यांकडून शर्ट आणून त्यांनी जन्मभर काजं केली, म्हणून हे नाव. बाईंनी तिथे दोनदा दार वाजवलं, दोन्ही वेळा जराशा थांबल्या, चिठ्ठी सरकवली आणि निघाल्या. तिसरी भेट गुरुवारी होती. गुरुवारी आधीची घरं संपता संपता पावणेसहा वाजले. चौथी गल्ली दहा मिनिटांवर, आणि घरही दहाच मिनिटांवर, पण उलट्या दिशेला. देवाला ताटकळत ठेवायचं नाही म्हणून बाईंनी घरची वाट धरली. रजिस्टरात तिसऱ्या भेटीची तारीख टाकली, 'राहत नाही' लिहिलं आणि सही ठोकली. त्या संध्याकाळी प्रार्थनेत मन छान लागलं होतं. हे पुढे त्यांना सगळ्यात जास्त टोचलं.

कौलाच्या दिवशी बाई केंद्रावर यादी घेऊन बसल्या होत्या. दुपारी काठी टेकत टेकत आजी आल्या.

"दवाखान्याला मत द्यायचंय मला," त्या म्हणाल्या.

बाईंनी पान उलटलं. नावावर तांबडी रेघ होती आणि शेजारी त्यांची स्वतःची सही.

"तुमचं नाव नाहीये, आजी."

"नाव नसेल. मी आहे की."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. आजी वळल्या. काठीचा आवाज दारापर्यंत गेला, पुढे आवारात गेला. बाईंनी मान वर केली नाही.

दवाखाना चारशे बारा मतांनी हरला. म्हणजे एका मतानं काही फरक पडला नसता. हा हिशोब बाईंनी स्वतःला शंभर वेळा करून दाखवला. वर्गात एखाद्या पोरानं तो मांडला असता तर त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

त्याच आठवड्यात ते सुरू झालं. संध्याकाळी दिवा लावून बाईंनी डोळे मिटले, आणि दारावर थाप पडली. टक. टक. दोनच. बाई तिसरीची वाट बघत राहिल्या. ती काही आली नाही. उठून दार उघडलं तर जिन्यावर चिटपाखरू नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा तेच.

"अहो, ऐकलंत?"

"काय?"

"दार वाजलं."

"अगं, सगळी नोकरी लोकांची दारं वाजवण्यात गेली माझी. दार वाजलं की मला नाही का कळणार? नाही वाजलं."

मग बाईंनी सांगायचं सोडलं. एके दिवशी त्यांनी दार सताड उघडं ठेवलं आणि त्याच्याकडे तोंड करूनच बसल्या. उघड्या दारावर थाप पडणार कशी? तरी पडली. टक. टक. समोर उंबरा रिकामा होता, पलीकडे शेजाऱ्यांच्या चपला होत्या. बाई घाबरल्या, अगदी लहान मुलीसारख्या घाबरल्या. राज्यकर्त्यांना सद्बुद्धी दे म्हणायला तोंड उघडलं, तर एकही नाव ओठांवर येईना. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण त्या दर वर्षी चौथीला शिकवायच्या.

शेवटी त्यांनी नाव पुन्हा घालायचा अर्ज आणला. त्यात कारणाचा रकाना होता. खरं लिहावं तर चौकशी लागणार. येत्या वर्षी मिळणारं मुख्याध्यापकपद हातचं जाणार, आणि प्रभागातला एक सरळ माणूस म्हणून जी काही पत होती ती जाणार ते वेगळंच. बाईंनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'भेटींच्या वेळी अर्जदार बाहेरगावी होत्या.' कोणाचं काय बिघडलं? आजींना नाव मिळेल, आपल्याला झोप मिळेल. फक्त आजींची सही हवी होती. दुसऱ्या दिवशी सहाला त्या दिवा न लावताच बाहेर पडल्या.

जिन्याखालच्या दारावर त्यांनी एकदाच थाप मारली. दार लगेच उघडलं. आजी दाराला खेटूनच खुर्चीवर बसल्या होत्या.

"या बाई. खाटेवर बसा."

"आजी, तुमचं नाव परत घालतोय यादीत. इथे खाली सही करा, बास."

"काजं करून करून डोळे गेले हो. वाचून दाखवा. ऐकल्याशिवाय सही करू नये, आमचे हे सांगायचे."

बाईंनी वाचायला सुरुवात केली. नाव वाचलं, वय वाचलं, पत्ता वाचला. मग कारणाचा रकाना आला आणि त्या थांबल्या. खोलीत औषधाच्या रिकाम्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या. वाट बघता बघता आजींनी काठी फरशीवर आपटली. टक. टक.

बाईंनी कागदावरून मान वर केली. तोच आवाज. पण इथून घर केवढं लांब.

"वाचा ना, बाई. थांबलात का?"

"तिसऱ्या भेटीला," बाई म्हणाल्या, "मी आलेच नव्हते. आले होते असं खोटंच लिहिलं मी."

आजींनी मान हलवली. "ते ठाऊक आहे मला. आधीच्या दोन वेळा मी दाराशी पोचेपर्यंत तुम्ही गेलेल्या. मला वेळ लागतो चालायला. मग शेजारणीकडून चिठ्ठी वाचून घेतली आणि गुरुवारी खुर्चीच इथे आणली. चार वाजल्यापासून बसले होते. अंधार पडेपर्यंत." मग त्या म्हणाल्या, "तेव्हापासून रोज बसते. सवयच लागली. असंच लिहिलंय का कागदात?"

"नाही." बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि ती वळणदार ओळ खोडली. "आता लिहिते."

"लिहा," आजी म्हणाल्या. "सावकाश लिहा. मला घाई नाही."