पाठीमागची शीळ

१९६३ साल, ऑगस्टचा दुसरा शनिवार. चहाच्या तंबूमागे एलुनेद एका हाताने मुलीची वेणी वर धरून उभी होती आणि दुसऱ्या हाताने तिची पाठ चोळत होती. नेस्ट नेच्यांच्या झुडपात वाकली होती. सकाळी कसाबसा पोटात ढकललेला लोणी-पाव बाहेर पडला होता.

"झालं?"

"झालं." नेस्टने मनगटाने तोंड पुसलं. "फ्लॉसने पाहिलं का?"

"तिच्यापासून काय लपतंय?"

त्यांची कुत्री फ्लॉस चार हातांच्या अंतरावर बसली होती. पुढचे पाय जुळवलेले, एक डोळा काळ्या ठिपक्यात, एक पांढऱ्यात, आणि दोन्ही नेस्टच्या चेहऱ्यावर. नेस्टने तिच्याकडे पाहून ओठ आवळले आणि शीळ घातली. नुसती हवा आली. पुन्हा घातली, पुन्हा हवा. फ्लॉसने एक कान उचलला, थोडी वाट पाहिली आणि खाली पाडला.

"जीभ टाळूला चिकटलीये," नेस्ट म्हणाली. "आई, मला शीळ येतच नाहीये."

कुत्र्याकडून मेंढ्या हाकून आणायच्या स्पर्धेच्या दिवशी तोंड कोरडं पडणं आमच्या खोऱ्यात कुणाला नवीन नव्हतं, आणि त्यावर औषधं घरटी एक होती. पाद्रीबाईंनी सकाळीच पेपरमिंटची पुडी दिली होती. म्हातारी काट्रिन म्हणाली होती, ओढ्यातला गार खडा जिभेखाली धर, फक्त गिळू नकोस, माझ्या भावाने गिळला होता. आता तंबूच्या कडेने काए ग्लासचा इवोर डोकावला. आमच्याकडे निम्मं खोरं जोन्स आणि निम्मं इव्हान्स, त्यामुळे माणूस त्याच्या शेताच्या नावानेच ओळखला जायचा. इवोरच्या हातात खिशातली चपटी बाटली होती.

"घोटभर घे पोरी. मी दर वर्षी घेतो."

"आणि दर वर्षी तुझ्या मेंढ्या बाजारच्या रस्त्याला लागतात," एलुनेद म्हणाली.

"त्यांना वास सहन होत नाही, त्याला मी काय करू? चॅपेलला जाणाऱ्या, दारूला न शिवणाऱ्या मेंढ्या आहेत त्या."

नेस्ट हसली नाही. इवोरने ते पाहिलं, बाटली खिशात टाकली आणि काही न बोलता निघून गेला. त्याच्या मानाने ती मोठीच सहानुभूती होती.

नेस्ट एकोणीस वर्षांची होती. त्या वर्षाचा हिवाळा ज्यांनी पाहिला ते अजून त्याच्याविषयी जपून बोलतात. डिसेंबरात पडलेलं बर्फ मार्चपर्यंत हललं नाही. फेब्रुवारीत हाफोडचा एमरिस, म्हणजे नेस्टचा बाप, बर्फाखाली गाडल्या गेलेल्या मेंढ्या उकरायला गेला आणि दगडी गडगा त्याच्या पायावर कोसळला. पाय वाचला, पण वाकडा जोडला गेला. एकोणीस वर्षं हा माणूस स्पर्धेच्या खुंटापाशी उभा राहून कुत्र्यांना हुकूम देत आला होता, त्याला आता अंगणातून गोठ्यापर्यंत जायला काठी लागत होती. फ्लॉस तर ऐन भरात आलेली, चार वर्षांची. मग त्याने खिडकीशी खाटेवर पडून मुलीला शिळा शिकवल्या. डावीकडे जा, उजवीकडे जा, थांब, चालत ये. ती चुलीपाशी बटाटे सोलता सोलता शीळ घालायची, तो आतून ओरडायचा, "शेवट उचल! शेवट उचल, नाहीतर कुत्री झोपेल!" एप्रिलपर्यंत तिला सगळ्या आल्या. फ्लॉसही तिचं ऐकू लागली.

एलुनेदने किटलीतलं कोमट पाणी कपात ओतून मुलीला दिलं.

"एवढी कशाला घाबरतेस? रोज डोंगरावर करतेसच ना हे?"

नेस्टने चूळ भरली आणि कप हातातच धरून ठेवला.

"मी मेंढ्यांना घाबरत नाही, आई."

"मग?"

"तुला माहितीये."

एलुनेदने किटली खाली ठेवली.

"खुंटापाशी उभी राहिले की माझे कान मागेच असतात. आता येईल, आता येईल, असं होतं. शेजारच्या खोऱ्यात झालं तसं आज इथे झालं ना, आपल्या माणसांसमोर, तर मी काठी ठेवून देईन. खरंच सांगते. लिव्हरपूलला मावशीकडे जाईन, इस्पितळात कामाला लागेन. मग फ्लॉस इवोरला द्या, नाहीतर कुणालाही द्या."

ती रागाने बोलली असती तर एलुनेदने तिला दटावलं असतं. पण ती शांतपणे बोलली, आणि हाफोडला दुसरं मूल नव्हतं.

जूनमध्ये शेजारच्या खोऱ्यात नेस्टची पहिली स्पर्धा होती. निम्म्या वेळापर्यंत सगळं छान चाललं होतं. दुसऱ्या फाटकापाशी मेंढ्या जरा अडखळल्या आणि तेवढ्यात मागून, गडग्यापाशी उभ्या असलेल्या माणसांमधून, एक शीळ आली. स्पष्ट, जाडसर, शेवट उचललेली. उजवीकडे. फ्लॉस एक क्षण जागच्या जागी उभी राहिली, आणि मग तिने जुन्या धन्याचं ऐकलं. मेंढ्या फुटल्या, दोन तर उभ्या केलेल्या गाड्यांमध्ये शिरल्या. परीक्षकाने हात वर केला. बाहेरच्या माणसाने कुत्र्याला हुकूम दिला की खेळ तिथेच संपतो. परत येताना ट्रकमध्ये एमरिसच म्हणाला, "कुणी गाढवाने शीळ घातली कोण जाणे." तो चॅपेलच्या कारभारातला मानाचा वडीलधारा होता. खोटं बोलणारा माणूस नव्हता. आपण शीळ घातली हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

एलुनेदने एप्रन सोडून तंबूच्या दोरीवर टाकला आणि ती गडग्याकडे निघाली.

एमरिस नेहमीच्या जागी, दगडांवर कोपर टेकून उभा होता. मैदानात कुणाचा तरी कुत्रा मेंढ्या घेऊन उतारावरून येत होता. एमरिसचे ओठ हलकेच हलत होते, चॅपेलमध्ये दुसऱ्याचं भजन चाललेलं असताना हलतात तसे.

"तू घरी जा," एलुनेद म्हणाली.

"काय?"

"नाहीतर गाडीत जाऊन बस. काचा वर करून."

"वेड लागलंय का? पोरीचा नंबर येतोय आता. सगळं खोरं इथे उभं आहे. बापच उठून गेला तर लोक काय म्हणतील? म्हणतील, याचाच हिच्यावर भरवसा नाही."

"जूनमधली शीळ तुझी होती, एमरिस."

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"माझी नव्हती."

"मी तुझ्या शेजारी उभी होते."

एमरिसने कोपर दगडावरून काढलं. मैदानातल्या मेंढ्या फाटकातून गेल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने तिकडे पाहिलं नाही.

"मग दोन महिने बोलली का नाहीस?"

"तुझा पाय नुकताच प्लास्टरमधून निघाला होता. म्हटलं, एका वर्षात माणसाने किती ऐकून घ्यायचं."

"पोरीला माहितीये?"

"तुझी शीळ ती ओळखणार नाही?"

त्याने गडग्यावरचं शेवाळ नखाने खरवडलं. मग म्हणाला, "आज तोंड बंद ठेवीन."

"तुझं तोंड तुला विचारून उघडत नाही."

"रुमाल कोंबतो तोंडात."

"काढशील."

"मग काय करू? तूच सांग, काय करू?" त्याचा आवाज चढला. पलीकडून इवोरने वळून पाहिलं. एमरिसला अख्ख्या खोऱ्यात कुणी बोलण्यात हरवलेलं नव्हतं, आणि बायकोशी तो असा चारचौघांत कधी बोलत नसे.

तेवढ्यात कर्ण्यातून आवाज आला. "अकरा नंबर. हाफोडची नेस्ट. कुत्री फ्लॉस."

नेस्ट तंबूच्या बाजूने येत होती. आकडीची काठी हातात, फ्लॉस डाव्या पायाशी. रंग ताकासारखा. खुंटाकडे जायची वाट गडग्याला लागूनच होती. ती आई-बापांजवळून जाणार होती आणि कुणाकडेही बघणार नाही, असं तिने ठरवलेलं दिसत होतं.

"नेस्ट," एमरिसने हाक मारली.

ती थांबली. बापाकडे वळली, पण नजर त्याच्या कोटाच्या गुंडीवर ठेवली.

तेव्हा आमच्याकडे एकविशीच्या आत-बाहेर सगळे दात काढून कवळी बसवून घ्यायची चाल होती. पुढे दुखायला नको, खर्च एकदाच. एमरिसने लग्नाआधी काढले होते. पण तो बायकोसमोरसुद्धा कवळी कधी काढत नसे. दिवा मालवल्यावर पेल्यात पडल्याचा आवाज तेवढा एलुनेदने वीस वर्षं ऐकला होता. आणि त्याची शीळ, तीन शेतं ओलांडून जाणारी, ती जीभ वरच्या दातांमागे दाबून निघायची.

एमरिसने टोपी काढून गडग्यावर ठेवली. मग भर उजेडात, इवोर, पाद्री, चहाच्या तंबूतल्या सगळ्या बायका यांच्या देखत, त्याने बोटं तोंडात घातली, वरची कवळी काढली, खालची काढली आणि दोन्ही एलुनेदच्या हातात ठेवल्या. त्याचे गाल एकदम आत गेले. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस सत्तरीचा दिसायला लागला.

नेस्ट बघत राहिली. मग तिच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. तिने ओठ मिटून धरायचा प्रयत्न केला, पण खांदे हलायला लागले, आणि ती हसली, अगदी डोळ्यांतून पाणी येईतो हसली. एमरिसही हसला, तोंडावर हात न धरता. फ्लॉसने दोघांकडे आळीपाळीने पाहून शेपटी एकदा जमिनीवर आपटली.

"जाते," नेस्ट म्हणाली. तिने जिभेने ओठ ओले केले. जाताना वळणावर तिने हळूच एक शीळ घातली, आणि ती वाजली.

एलुनेदने कवळी रुमालात गुंडाळली, पर्समध्ये टाकली आणि पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

फ्लॉस उजव्या अंगाने डोंगर चढून गेली, मेंढ्यांच्या मागे लांबून वळली आणि त्यांना कळायच्या आत त्यांच्यापाशी पोचली. पाच मेंढ्या सरळ रेषेत खाली आल्या. पहिलं फाटक झालं.

इवोर सरकत जवळ आला. "काय रे एमरिस, आज एवढा गप्प? मांजराने जीभ नेली, की बायकोने दात?"

एरवी या वाक्यावर इवोरला हिवाळाभर पुरेल इतकं ऐकावं लागलं असतं. एमरिसने फक्त हात वर केला, थांब जरा, अशा अर्थाचा. त्याची नजर मैदानावरून हलली नाही.

दुसऱ्या फाटकापाशी मेंढ्या थबकल्या. पुढच्या म्हाताऱ्या मेंढीने मान वळवली, डावीकडची मोकळी जागा तिला दिसली. एलुनेदने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे ओठ पुढे आले, गालांचे खड्डे आणखी खोल गेले, आणि जोरात फुंकर निघाली. फू. गडग्यावरच्या शेवाळाशिवाय ती कुणाला लागली नाही. पण ती कुठली शीळ होती ते एलुनेदला समजलं. उजवीकडे. जूनमधलीच.

नेस्टची शीळ आली. थांब.

फ्लॉस गवतात सपाट झाली. एमरिसने मान हलवली, नाही, नाही, अशी. मेंढ्या उभ्याच राहिल्या. चार श्वास घेण्याइतका वेळ गेला, पाच घेण्याइतका गेला. कुणी मागे लागलेलं नाही, असं म्हाताऱ्या मेंढीच्या लक्षात आलं. ती वळली आणि स्वतःच्या मर्जीने फाटकातून चालत गेली, बाकीच्या चौघी मागोमाग.

एमरिसची मान हलायची थांबली.

पुढे मेंढवाड्यापाशी वेळ गेला. नेस्ट फाटकाची दोरी धरून उभी, काठी पसरलेली. चार मेंढ्या आत आणि पाचवी दारात अडलेली असतानाच घंटा झाली. नेस्टचा पाचवा नंबर आला. पहिला कुणाचा आला ते आता कुणालाच आठवत नाही.

ती परत आली तेव्हा घामाने केस कपाळाला चिकटले होते. ती गडग्याला टेकली.

"बाबा, त्या दुसऱ्या फाटकाशी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

एमरिसने हात उचलून उजवीकडे दाखवला. तो हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग त्याने तो खाली आणला आणि फ्लॉसच्या डोक्यावर ठेवला. एलुनेद पर्स उघडायला लागली, तर त्याने मानेनेच तिला खूण केली, राहू दे, अजून थोडा वेळ.

काए ग्लासचा इवोर १९७१ मध्ये वारला. त्याच्या शेतात आता सरकारी पाइनची झाडं आहेत. फ्लॉस चौदा वर्षांची होऊन गेली. एमरिसचा पाय पुढे बराच सुधारला, लोकांनी त्याला पुन्हा उतरायचा आग्रहही केला, पण तो खुंटापाशी परत उभा राहिला नाही. तो १९८० मध्ये गेला. एलुनेद एक्क्याण्णव वर्षं जगली आणि शेवटपर्यंत स्पर्धेच्या चहाचं पाणी तिच्याशिवाय कुणी उकळवलं नाही.

नेस्ट लिव्हरपूलला मावशीकडे गेली, ती फक्त लग्नाचे कपडे घ्यायला. नवरा घरजावई होऊन हाफोडला आला. तिने तीस-बत्तीस वर्षं कुत्री उतरवली, घरात मांडायला जागा उरली नाही इतके चषक आणले. आता तिची मुलगी लाउरी उतरते. लाउरी खुंटापाशी जायच्या वेळेला नेस्टला नेमकं काहीतरी काम निघतं, आणि ती वरच्या कुरणात जाऊन उभी राहते. तिथून मैदान स्पष्ट दिसतं. तिथली शीळ मात्र खाली मैदानात ऐकू जात नाही. खात्री करून घ्यायला एकदा तिने नवऱ्याला खाली उभं केलं होतं.